मोठ्या सिस्टर आणि न तापणारं मशीन

धुतलेलं दुपटं वाळलं की नाही हे आपण हाताने चाचपून बघतो. आमच्या मोठ्या सिस्टर ते गालाला लावत. डोळे मिटून क्षणभर थांबत, जणू ते दुपटं कानात काही सांगतंय. मग निकाल देत, "हे सुकलंय, वाळलेलं नाही." सोनामावशी, म्हणजे आमच्या धुलाईच्या खोलीतल्या बाई, हैराण होत. "सुकलं न् वाळलं यात काय फरक वो सिस्टर?" त्यावर उत्तर ठरलेलं असे. "सुकलं म्हणजे पाणी गेलं. वाळलं म्हणजे ओल गेली. बाळाला पाणी बाधत नाही, ओल बाधते."

नाशिकरोडला एका ट्रस्टचं प्रसूतिगृह होतं. त्या तिथल्या मेट्रन. पण मेट्रन हा शब्द कुणी वापरत नसे, सगळ्यांच्या त्या मोठ्या सिस्टर. मी कळवणकडची. नर्सिंग पुरं करून नव्वदच्या दशकाच्या मध्याला तिथे लागले आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. उंच, काटकुळ्या. पांढऱ्या साडीखाली पीटीचे कॅनव्हासचे बूट. त्यामुळे त्या आल्याचं कळत नसे, एकदम मागे उभ्याच दिसत. चष्म्याला दोरीऐवजी बँडेजची पट्टी. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत बाळांच्या अंघोळीच्या पाण्याचं, लाकडी चौकटीतलं थर्मामीटर. ते त्या कशातही बुडवत. डाळीत, दुधात, डॉक्टरांच्या चहात. "थांब रे, अजून जीभ भाजेल तुझी," असं त्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगत. डॉक्टर नावाजलेले होते, पण ते याच दवाखान्यात जन्मले होते आणि त्यांची पहिली अंघोळ मोठ्या सिस्टरांनी घातली होती. त्यामुळे त्यांना कायम 'अरे'.

'अहो' होतं ते नव्या बाळांना. जन्मून घटकाही न झालेल्या जिवाला त्या म्हणत, "अहो, रडताय कशाला? आत्ताच तर आलात. जरा बघा तरी, आवडतंय का." पाहुण्याला अरेतुरे करायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. वर्षभराने ते बाळ लसीला आलं की मात्र सरळ 'काय रे गुलामा'. पाहुणा आता घरचा झालेला असे.

मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा रिवाज त्यांनी आमच्याकडे चालू दिला नाही. नोटा छापणाऱ्या प्रेसच्या कॉलनीतले साहेब येवोत की गोदाकाठचे मळेवाले, पुडा हातात दिसला की त्या विचारत, "घरात जुनं धोतर आहे का? सुती साडी? धुऊन आणा. दोघांनाही तेच लागतं." लोक आधी गोंधळत, मग खरंच आणत. फुलांचे मळे असणाऱ्या एका कुटुंबाने तर गाठोडंभर मऊ धोतरं आणली होती आणि वर शेवंतीने भरलेला हारा. त्या धोतरांची दुपटी आम्ही दुपारच्या मोकळ्या वेळात शिवायचो.

त्यांचं एक वाक्य होतं. 'कारण हवं, कारणं नकोत.' मी ते पहिल्याच आठवड्यात ऐकलं. एक बाळ अंगावर पीत नव्हतं. तोंड लावायचं, दोन घोट घेऊन सोडायचं, रडायचं. मी रिपोर्ट दिला, "आई पहिलटकरीण आहे, तिला नीट घेता येत नाही. हवाही गार आहे. बाळ जरा हट्टी वाटतंय."

"ही झाली कारणं," त्या म्हणाल्या. "कारण काय?"

त्यांनी बाळाला उचललं, त्याच्या नाकाशी कान नेला. "अगं, नाक चोंदलंय त्याचं. तोंडाने दूध प्यावं की श्वास घ्यावा? तू काय केलं असतंस?" मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले, नाक साफ केलं, आणि तो हट्टी मुलगा असा प्यायला लागला की त्याची आई रडत हसायला लागली. मोठ्या सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्यासुद्धा होत्या.

हे सगळं सांगितलं कारण त्याशिवाय मशीनची गोष्ट कळणार नाही.

पावसाळ्यात आमचा जीव दुपट्यांत अडकलेला असे. व्हरांड्यात, जिन्यात, औषधांच्या खोलीत दोऱ्याच दोऱ्या. अशात दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आलं. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी ते देणगी दिलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची मुलगी सुनंदा पहिल्या बाळंतपणात गेली होती, तिच्या स्मरणार्थ. मी लागायच्या आधीची ती गोष्ट. एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मशीन कपाटाएवढं. काचेचं गोल दार, आत मोठं पिंप फिरायचं. विजेच्या कॉइल हवा तापवायच्या, पंखा ती हवा कपड्यांतून ओढायचा आणि दमट हवा मागच्या जाड नळीतून भिंतीबाहेर टाकायचा. सोनामावशी पहिल्या दिवशी त्याला कुंकू लावून म्हणाल्या, "आता ऊन घरात आलं." मोठ्या सिस्टरांनी पहिलं दुपटं गालाला लावलं. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. "वाळलंय," त्या म्हणाल्या आणि मशीनच्या पत्र्यावर थाप मारली. "बरे आहात तुम्ही." मशीनलाही 'अहो'. नवंच होतं ना.

थोडे आठवडे बरे गेले. मग कपड्यांना वेळ लागायला लागला. आणि ऐन श्रावणझडीत एका सकाळी मशीन फिरतंय फिरतंय, आणि कपडे आहेत तसेच ओले. दार उघडलं तर आत गारठा.

नेमकं तेव्हा वॉर्डात दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं एक जुळं होतं. त्यांना सारखं कोरडं, ऊबदार गुंडाळून ठेवायला लागे. मोठ्या सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना इस्त्र्या घेऊन बसवलं. पण वीज जायची, की इस्त्री थंड. शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवू या, असं कुणी सुचवलं तर त्यांनी "बंद खोलीत कोळसा? बाळं जगवायची आहेत ना?" म्हणून गप्प केलं. शेवटी त्या स्वतः ओल्या दुपट्यांचं गाठोडं छत्रीखाली धरून पलीकडच्या बेकरीत गेल्या. बेकरीवाले चाचा आधी बघतच राहिले. भट्टीच्या मागची खोली कायम उबदार असे, तिथे दोऱ्या बांधू द्या, असं त्या म्हणाल्या. चाचा म्हणाले, "बहनजी, बच्चों का काम है, पूछना क्या?" तेव्हापासून आमच्या वॉर्डातल्या बाळांना नानकटाईचा वास यायला लागला. भेटायला येणारे लोक बाळ हुंगून चकित होत.

सातपूरहून देवरे मेकॅनिक आले. मूळचे सटाण्याकडचे, कारखान्यातली पाळी करून असली कामं घेणारे, सावकाश बोलणारे, कसबी हाताचे. कामात रंगले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. त्यांनी आधी मीटरपाशी जाऊन तिन्ही फेज तपासल्या. मग मागचा पत्रा उघडला. "कॉइल तं चांगली शे, बाई," ते म्हणाले आणि एक बटणाएवढा पुर्जा काढून दाखवला. "हा उडालाय. मशीन फाजील तापलं की हा कॉइलची वीज तोडतो. पिंपाची मोटर वेगळी, म्हणून फिरणं चालू राहतं, तापणं बंद." त्यांनी नवा पुर्जा घातला. मशीन तापलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मोठ्या सिस्टर मात्र वाजवत नव्हत्या.

"तो उडाला का?"

"उडतो कधी कधी. पुर्जाच तो."

"देवरे, ताप उतरवलात तुम्ही. ताप आला का होता?"

देवरे हसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पुन्हा गार.

ते पुन्हा आले तेव्हा धुलाईच्या खोलीत आमची गर्दी होती. ट्रस्टचे सेक्रेटरीसाहेबही होते. रविवारी मशीनच्या लोकार्पणाचा कार्यक्रम ठरला होता, अण्णा येणार होते, आणि त्यांच्यासमोर गार मशीन दाखवायचं म्हणजे नाचक्की. देवऱ्यांनी मान खाजवली. "एक करता येईल. हा पुर्जा काढतो आणि वायर डायरेक्ट जोडतो. मग उडायचा प्रश्नच नाही. पुष्कळ ठिकाणी करतात. फक्त लक्ष ठेवायला लागेल."

"करून टाका," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

आम्हा सगळ्यांना तेच हवं होतं. इस्त्री करून करून मनगटं दुखत होती. सोनामावशी म्हणाल्या, "मी बसते ना इथं, लक्ष ठिवते."

"नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"अहो सिस्टर, दोन दिवसांचा प्रश्न आहे. रविवारनंतर बघू काय ते."

"साहेब, हा पुर्जा बिघडलेला नाही. तो ओरडतोय. रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर हात ठेवून कुणी त्याला बरं करत नाही. वरच्या मजल्यावर वॉर्ड आहे. मी डायरेक्ट करू देणार नाही."

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा लाल झाला. मशीन ट्रस्टचं आहे, तुमचं नाही, असं म्हणून ते निघून गेले. मोठ्या सिस्टर खुर्ची ओढून मशीनपुढे बसल्या, एखाद्या पेशंटपुढे बसावं तशा.

"देवरे, नवा पुर्जा घाला आणि चालू करा. आता मला सांगा, हे हवा कुठून घेतं?" देवऱ्यांनी दाखवलं. "आणि मध्ये?" कपड्यांतून झडलेली लव अडकते ती जाळी. मावशी ती रोज साफ करत, ती स्वच्छ होती. "आणि सोडतं कुठून?"

"ही नळी. भिंतीतून बाहेर जाते."

"बाहेर कुठे?"

देवऱ्यांनी आतून नळीला हात लावला. नळी तापलेली होती, पण तिच्यात जोर नव्हता. पिशवीतलं थर्मामीटर काढून सिस्टरांनी ते नळीच्या सांध्याशी धरलं, बघितलं, परत ठेवलं आणि छत्रीसुद्धा न घेता बाहेर पडल्या. आम्ही मागे.

रस्त्याकडच्या त्या भिंतीवर नळीचं तोंड कुठे दिसेना. तिथे होता तो भलामोठा पत्र्याचा बोर्ड. 'कै. सुनंदा हिच्या स्मरणार्थ', खाली देणगीदाराचं नाव, त्याखाली त्याहून थोड्याच लहान अक्षरांत सेक्रेटरीसाहेबांचं. रस्त्यावरून दिसावा म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी तो मशीन आल्यावर काही दिवसांनी, लाकडी पट्ट्यांवर ठोकून घेतला होता.

मोठ्या सिस्टर पावसात बोर्डाजवळ गेल्या आणि त्यांनी त्याला गाल लावला. समोरच्या स्टॉपवर बसची वाट बघणारे लोक टकामका बघत होते. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी बाई पत्र्याला गाल लावून डोळे मिटून उभी. एक बाई हळूच म्हणाली, "त्यांची मुलगी असंल वो."

"देवरे," त्या म्हणाल्या, "पत्रा कोमट आहे. नाक चोंदलंय."

बोर्ड उतरवला तेव्हा त्यामागून गादीतल्या कापसासारखी लव बाहेर आली. पट्ट्यांच्या मधल्या बोटभर फटीतून जेवढी हवा निघेल तेवढी निघत होती, बाकी सगळी आत कोंडत होती. वरची लव भिजलेली, पण नळीत हात घालून देवऱ्यांनी काढली ती कोरडी ठणठणीत. त्यांनी त्यातली चिमूट फरशीवर ठेवली आणि काडी लावली. भक्कन पेटली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच राखसुद्धा उरली नाही.

देवऱ्यांनी काड्यापेटी खिशात ठेवली आणि मोठ्या सिस्टरांकडे बघून हात जोडले. "डायरेक्ट केलं असतं तर..." एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी कुठे कुणाला डायरेक्ट करून दिलं नाही, असं ते स्वतःच मला बऱ्याच वर्षांनी म्हणाले. सिस्टरांनी त्यांना चहा दिला, थर्मामीटर बुडवून.

मशीन त्या दिवसापासून नीट तापायला लागलं. पण वादळ पुढेच होतं. सेक्रेटरीसाहेब आले तर देणगीदाराच्या मुलीचं नाव धुलाईच्या हौदाला टेकवून ठेवलेलं. ते एवढे ओरडले की वॉर्डातली बाळं जागी झाली. कार्यक्रम रद्द करावा लागला. अण्णांच्या कानावर गेलं ते असं, की मेट्रनबाईंनी तुमच्या मुलीचं नाव भिंतीवरून उपटून काढलं. अण्णांची लेखी माफी मागा, नाहीतर घरी बसा, असं ट्रस्टने सांगितलं.

"लेखी कशाला? तोंड आहे मला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "चल गं, निफाडला जाऊन येऊ. मला एसटीत मळमळतं, सोबत हवी."

अण्णांचा बंगला बागेतच होता. ओसरीत अण्णा, रापलेले, डोक्याला टोपी. त्यांची पत्नी दाराच्या चौकटीला टेकून. चहा आला. एक शाळकरी मुलगी दप्तर टाकून आत पळाली, ती सुनंदाची. ती आत गेल्यावर मोठ्या सिस्टर सरळ म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं नाव मी उतरवलं. ते वाफेच्या तोंडावर लागलं होतं. आग लागली असती, वर बाळंतिणी होत्या. पुन्हा तसं लागलं तर पुन्हा उतरवीन. तुम्हाला वाईट वाटलं असेल, त्याची माफी मागते."

अण्णा म्हणाले, "नावाचं मला काय करायचंय? मी बोर्ड मागितलाच नव्हता." त्यांनी दाराकडे हात केला. "ती गेली तेव्हा पाऊस होता. ही तिच्या लेकीला घेऊन तुमच्या वॉर्डात बसलेली. दुपटी वाळंनात, तर हिनं ती स्वतःच्या पोटाला गुंडाळून वाळवली. म्हणून मशीन दिलं. दुसरं काही सुचलं नाही."

दाराशी हालचाल झाली. अण्णांच्या पत्नी पुढे आल्या. "सिस्टर, तिच्या येळी तुम्ही व्हत्या?"

"होते."

"मंग एक सांगा. आम्हाला कुणीच सांगितलं नाय. डॉक्टर म्हणले नशीब, सेक्रेटरी म्हणले देवाची इच्छा. तिला झालं काय व्हतं?"

मी मोठ्या सिस्टरांकडे बघितलं. माफी मागायला आलेल्या माणसाने इथे काय बोलावं आणि काय बोलू नये, हे मलाही कळत होतं. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि त्या बाईला शेजारी बसवून घेतलं.

"बाळंतपण नीट झालं होतं. वार पडली. त्यानंतर गर्भाशय आवळून यायला लागतं, ते आलं नाही. म्हणून रक्त थांबेना. कधी कधी चांगल्या धडधाकट बाईलाही असं होतं. औषधं दिली, हाताने दाबून धरलं. तिच्या गटाचं रक्त आमच्याकडे नव्हतं. माणूस नाशिकला धाडला, पण थांबेल थांबेल म्हणून वाट बघण्यात आमचा वेळ गेला. तो आधी धाडायला हवा होता. रक्त आलं तेव्हा ती नव्हती."

"म्हंजे जीपमुळं नाय?"

"कुठली जीप?"

"यांनी तिला जीपमधी घालून मळ्याच्या रस्त्यानं आणली. लवकर पोचावं म्हणून. लय आदळली जीप. ती कळवळत व्हती. मी म्हणत व्हते, सडकेनं घ्या..." त्यांचा आवाज तुटला. अण्णांनी मान वर केली नाही. मला तेव्हा कळलं, आम्ही आल्यापासून या दोघांनी एकमेकांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"ताई, जीपच्या धक्क्यांनी हे होत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "कुठल्याही रस्त्याने आणली असती तरी हे झालंच असतं. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही. तुमच्याही नाही."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत बसले. त्यांच्या पत्नी उठल्या. अण्णांचा कप तसाच होता, साय धरलेला. त्यांनी तो आत नेला, पुन्हा चहा आणला, त्यांच्यापुढे धरला. "घ्या," म्हणाल्या. अण्णांनी कपाला हात घातला, तरी त्या तो कप सोडेनात, तशाच धरून उभ्या राहिल्या.

अण्णांनी सेक्रेटरीसाहेबांना काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही. माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. बोर्ड दवाखान्याच्या दुसऱ्या भिंतीला लागला, लहान करून, एकट्या सुनंदाच्या नावाचा. मोठ्या सिस्टर वयोमानाने निवृत्त होईपर्यंत तिथेच होत्या आणि मशीनही होतं. पुढच्या पावसाळ्याच्या आधी दवाखान्याने रक्तपेढीशी बोलणं करून ठेवलं, आणि कुणाही बाईचं रक्त जास्त जायला लागलं की वाट न बघता माणूस निघायचा. त्यासाठी मोठ्या सिस्टर किती जणांशी भांडल्या, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

त्या दिवशी परत येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. खरंच मळमळत होतं त्यांना. मला राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, उशीर आपल्याकडून झाला हे सांगायची काय गरज होती? त्यांनी केस केली असती तर? तुमची नोकरी गेली असती."

त्यांनी पदर बाजूला केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी फार विचित्र विचारलंय.

"अगं," त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं ना."